कथा क्रमांक एक्केचाळीस

४ जुलै

धाकटे,

काल भावजींचा ह्यांना फोन आला होता. घराच्या कागदपत्रांबद्दल बोलणं चाललं होतं. त्यात मध्येच ते म्हणाले की तुझी कथा संग्रहातून परत आली आणि तू सगळ्या वह्या माळ्यावर टाकल्यास. फोन ठेवल्यावर ह्यांनी मला ही बातमी, कुणाची दाढ काढली हे सांगावं तशी सांगितली आणि आंघोळीला गेले.

दोन वर्षं झाली. पत्र तर सोडाच, आपण एकमेकींना ख्यालीखुशालीचा निरोपही पाठवलेला नाही. आई गेल्यावर महिन्याच्या आत तुम्ही दोघांनी दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलंत. आपल्याला एकत्र बांधणारी सासू एकच होती, ती गेली आणि आपण दोघी जावा सुट्या झालो. तरी आज लिहिते आहे, कारण परत आलेल्या कथांच्या बाबतीत माझा अनुभव तुझ्याहून मोठा आहे. माझ्या सात परत आल्यात. पहिल्या वेळी तर मी पाकीट न उघडता दोन दिवस मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलं होतं.

आपण दोघींनी पहिल्यांदा नवोदितांच्या संग्रहाला कथा पाठवल्या, ते आठवतं? जाहिरात तूच कापून आणली होतीस. तोवर तुझ्याकडे अकरा अर्ध्या कथा होत्या आणि पुरी एकही नव्हती. शेवटची तारीख होती म्हणून बारावी पुरी झाली. अट तीन हजार शब्दांची, तुझे झाले होते पाच हजार. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तू वाक्यं खोडत होतीस आणि म्हणालीस, "ताई, ही कथा नव्हे, उपाशी ठेवलेलं पोर आहे." दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलीस आणि स्वतःच हसलीस, "बारीक झाली, पण पळायला लागली की हो!"

त्या वेळी तुझी घेतली नाही, माझी घेतली. पण घेताना संपादकांनी शेरा पाठवला होता: 'नायिका कधीच चुकत नाही, त्यामुळे तिची काळजी वाटत नाही.' कॉलेजच्या इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग पुस्तक निघालं आणि औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका अनोळखी माणसाचं दोन पानी पत्र आलं. त्यानं तो संग्रह दुसऱ्याच कुणाच्या कथेसाठी घेतला होता, वाटेत माझी लागली. मला माझं स्वतःचं पुस्तक करायला दहा वर्षं लागली असती, आणि ते त्यानं हातातही धरलं नसतं. त्या एका कथेमुळे संपादकांशी ओळख झाली, पुढे इतर थोडी कामंही आली.

सांगायचं हे, की एका नकारावरून लेखणी टाकू नकोस. दुसऱ्या एका संग्रहाची जाहिरात सोबत जोडली आहे. मुदत सप्टेंबरपर्यंत आहे. आणि शेऱ्यात काय आलं असेल ते मनाला लावून घेऊ नकोस. वाचणारीही माणसंच असतात.

ताई


२१ जुलै

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये दोन ओळी. 'शेऱ्यात लिहिलं आहे की खाट भिंतीशी नव्हती, खिडकीशी होती. वाचकाला हे कसं कळलं?'

कार्ड वाचल्यावर मी आधी एक उत्तर लिहिलं. त्यात होतं की पुष्कळदा मजकुरातल्या एखाद्या बारीक खुणेवरून वाचक असा अंदाज बांधतो. उत्तर चांगलं जमलं होतं. ते फाडलं. मग डायरी काढून त्या दिवसाची नोंद पाहिली, तर तिथंही मी स्वतःशी खोटं लिहून ठेवलेलं: 'आज बारा कथा वाचल्या. एक ओळखीची वाटली.' वाटली!

तो वाचक मी आहे.

पहिल्या संग्रहानंतर संपादकांनी मला पुढच्यासाठी प्राथमिक वाचक म्हणून घेतलं. 'इतर थोडी कामं' म्हणून गेल्या पत्रात जे गुळमुळीत लिहिलं, ते हेच. नावाचं पान काढून कथेवर नुसता क्रमांक टाकतात. प्रत्येक कथा दोघं वाचतात, दहापैकी गुण देतात आणि शेरा लिहितात. शेरे टाइप होऊन लेखकाला जातात, म्हणून तुला माझं अक्षर दिसलं नाही. तू या संग्रहाला कथा पाठवलीस हे मला ठाऊक नव्हतं. एक्केचाळीस क्रमांक उघडला, 'तक्ता' हे नाव वाचलं आणि पहिल्या परिच्छेदात अंथरुणाला खिळलेली म्हातारी भेटली. तिच्या उशाशी बसलेली धाकटी सून भेटली. दाराशी उभी राहून भिंतीवरच्या तक्त्यात औषधाच्या वेळा लिहिणारी थोरली सूनही भेटली. त्यानंतर ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय उरली नाही.

मी रक्त तपासायचं काम एकोणीस वर्षं करते आहे. आमच्याकडेही नळीवर क्रमांक असतो. तरी आमचा एक नियम आहे. घरच्या माणसाचा नमुना हाती आला की तो नळ्यांच्या जाळीत परत ठेवायचा आणि शेजारणीला सांगायचं, हा तू कर. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. आई आजारी पडल्या त्या चौदा महिन्यांत त्यांची एकही नळी मी तपासली नाही. आमच्या डॉक्टरीणबाई एकदा थट्टेनं म्हणाल्या होत्या, "तुम्हाला काय वाटतं, तुमच्या हातानं साखर वाढेल की काय?" मला हसू आलं नव्हतं. एवढी मी नियमाची.

आणि एक्केचाळीस नंबर मात्र मी खाली ठेवला नाही. स्वतःला समजावलं की जाऊ म्हणून झुकतं माप द्यायचं नाही एवढं सांभाळलं की झालं. मग इतकं सांभाळलं की माप दुसरीकडे कलंडलं. दहापैकी चार दिले. लिहिलं, 'थोरल्या सुनेचं पात्र एकांगी. लेखिकेनं तिच्या बाजूनं विचार केलेला नाही.'

आणि खाटेचं लिहिलं.

खाट खिडकीशी मी नेली होती, धाकटे. तू दुपारी बाहेर गेली होतीस, मी सुट्टीवर होते, आणि आई सारख्या भिंतीकडे बघत होत्या. मी एकटीनं ती खाट ओढली, आईंसकट. कमरेत उसण भरली म्हणून पुढे आठवडाभर वाकडी चालत होते आणि तुम्हा सगळ्यांना सांगितलं की प्रयोगशाळेत पाय घसरला. तुझ्या कथेत मी तक्ता लिहिते, फोन करते, नर्सला सूचना देते. एक ओळ तर पाठच झाली आहे: 'थोरलीनं सासूच्या अंगाला तापमापकाशिवाय कधी हात लावला नाही.' सोळा पानांत मला एक खाट तरी ओढू द्यायचीस. म्हणून ते वाक्य शेऱ्यात गेलं. लिहिताना ते मला वाचकाचंच वाटत होतं, हे तुला पटणार नाही. मलाही आता पटत नाही.

माफी मागते असं लिहून खोडलं. आधी काहीतरी करते, मग मागेन.

ताई


६ ऑगस्ट

धाकटे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

शनिवारी संपादकांकडे गेले. त्यांचं काम घरातल्याच एका खोलीत चालतं. पलंगावर हस्तलिखितांचे गठ्ठे, टेबलावर एक भिंग, आणि बसायला एकच धड खुर्ची, ती पाहुण्याला देऊन स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर टेकतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, म्हणून मला आणखी आणखी सांगावं लागलं.

मग म्हणाले, "बाई, नात्यातल्या माणसाला गुण वाढवून दिले म्हणून माझ्याकडे पुष्कळ लोक आले. कमी दिले म्हणून येणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"ही थट्टा आहे का?"

"नाही हो. नोंद करतोय."

त्यांनी गठ्ठ्यातून दुसऱ्या वाचकाचा कागद काढला. तो कोण ते सांगितलं नाही, गुण मात्र दाखवले. नऊ. शेऱ्यात एकच वाक्य होतं: 'ही कथा पहिली ठेवावी.' निवडीला सरासरी सात लागते. त्याचे नऊ, माझे चार, साडेसहा. मी पाच दिले असते तरी तू आत होतीस.

थोरलीच्या पात्राबद्दल त्याला काय वाटलं, म्हणून मी विचारलं. विचारायला नको होतं. संपादक कागद वाचून म्हणाले, "त्याला ती फार आवडलेली दिसते. खाली पेन्सिलीनं लिहिलंय, थोरलीची कीव येते."

आता जे सांगायचं आहे ते गेल्या पत्रात मी दडवलं होतं. संग्रह सोळा कथांचा ठरला होता आणि निवडीत पंधराच बसल्या. तेव्हा सोळाव्या जागेसाठी संपादकांनी मला कथा मागितली आणि मी दिली. कुणाच्या जागेवर बसते आहे हे त्या दिवशी मला नक्की ठाऊक नव्हतं. कल्पना मात्र होती. शनिवारी मी ती कथा परत घेतली आणि म्हटलं, तिथे एक्केचाळीस घ्या. ते कबूल झाले. अट एवढीच की पुस्तक वीस तारखेला छपाईला जातं, त्याआधी लेखिकेचं संमतिपत्र हवं.

ते सोबत आहे. खाली सही कर आणि उलट टपाली पाठव. माझ्यासाठी करू नकोस. नऊ देणाऱ्या त्या माणसासाठी कर.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेपरची एकच घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तुम्हा दोघींचं भांडण मला कधी कळलंच नाही. आधी आईला कुणी सांभाळलं यावरून, आता आईला कुणी लिहिलं यावरून. मी मुलगा आहे ना तिचा? मी कुठे आहे त्या कथेत?"

मी म्हटलं, तुम्ही नाही आहात.

"तेच म्हणतो," म्हणाले आणि उठून गेले.

ताई


२६ ऑगस्ट

धाकटे,

संमतिपत्र कोरं परत आलं. बरोबर तुझं पत्रही आलं, दोन वर्षांतलं पहिलं. मी ते डायरीत उतरवून ठेवलं आहे, कारण मूळ कागद मी फाडेन अशी मला भीती आहे.

'ताई, खाट खिडकीशी होती हे मला ठाऊक आहे. ती तुम्ही ओढलीत हेही ठाऊक आहे. आईंनी सांगितलं होतं, त्यांना जमेल तसं, डोळ्यांनी आणि एका बोटानं. मी ती कथेत भिंतीशी नेली, कारण त्या म्हातारीला बाहेरचं काही दिसू नये असं मला हवं होतं. तुमच्याकडून हिसकावायची म्हणून नेली नाही. तुम्ही कथा वाचतच नव्हता, कथेत स्वतःला शोधत होता. आणि तुम्ही उठून रिकाम्या केलेल्या जागेवर मी बसणार नाही. आईंच्या उशाशी चौदा महिने तेच केलं.'

पुस्तक पंधरा कथांचं निघणार. तू नाहीस, मीही नाही.

मला राग आला, हे लिहून टाकते. संतापानं तीन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तुझी नोकरी गेली आणि माझी राहिली, हे काय मी ठरवलं होतं? आईंसाठी बालवाडीची नोकरी तू सोडलीस. प्रयोगशाळा मी सोडली असती तर घर कशावर चाललं असतं? मला न विचारता मला सोळा पानांत दाराशी उभी केलीस, आणि मी मात्र तुझ्यावर एक ओळ लिहिली तर ती पक्षपाती! चौथ्या दिवशी कामावर नळ्या लावताना लक्षात आलं की या भांडणात मी सगळे मुद्दे जिंकते आहे. माझ्या त्या नायिकेसारखीच.

तेव्हा आता खरं कारण. एकांगी वगैरे मागाहून सुचलं. तू लिहिलं आहेस की म्हातारी पाणी मागते, धाकटी चमचा तोंडाशी नेते, आणि म्हातारी पाणी न पिता तिच्या मनगटाला गाल लावते. तिथे मी वाचायची थांबले. मला वाटलं, हे मला आयुष्यात लिहिता येणार नाही. मी रोज डायरी लिहिते, वीस वर्षं, एक दिवस न चुकता. तू वर्षातून एक कथा लिहितेस, तीही मुदत डोक्यावर आली म्हणून. आणि हे तुला येतं. पेन तेव्हाच उचललं होतं. चारचा आकडा शेऱ्याच्या आधी लिहिला गेला.

थोरली वाईट दिसली याचा राग मी गिळला असता, धाकटे. कथा चांगली होती, याचा गिळवला नाही.

ताई


१२ जानेवारी

धाकटे,

संग्रह निघाला. प्रकाशनाला गेले होते. वाचनालयाच्या सभागृहात चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, मी शेवटच्या रांगेत बसले. पंधरा जणांना एकेक करून पुढे बोलावलं. एक शिंपीणबाई होत्या, साठीच्या, पहिल्यांदाच छापून आलेल्या. त्यांनी आपलं पान उघडून नाव बोटानं चाचपून पाहिलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "कापड असतं तर म्हटलं असतं, शिवण पक्की आहे." लोक हसले. मीही हसले, आणि मग मला ते सहन होईना. बाहेर व्हरांड्यात जाऊन नोटिशींचा फळा वाचत उभी राहिले. तुला मी नेमकं काय घेऊ दिलं नाही, ते त्या बोटामुळे कळलं. तोवर मी ते सरासरीत मोजत होते.

भावजी ह्यांना म्हणाले, तू पुन्हा लिहायला बसतेस, पण पाठवायचं नाव काढलं की उठून जातेस. मी तुला पहिल्या पत्रात संग्रहाचे फायदे सांगितले होते. ते सगळे खरे आहेत. मुदतीनं कथा पुरी होते, अटीनं ती नेटकी होते, अनोळखी माणूस दुसऱ्या कुणाच्या पाठोपाठ तुझ्या पानापर्यंत येतो. सांगणारी खोटी होती म्हणून सांगितलेलं खोटं होत नाही. नऊ देणारा वाचक तुला माझ्या शेजारीच, त्याच गठ्ठ्यात मिळाला होता. कथा घरात राहिली तर तोही मिळत नाही, मी एकटीच मिळते.

संपादकांनी पुढच्या संग्रहासाठीही मला वाचक म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "चूक सांगायला जिना चढून येणारा वाचक मी कुठून आणू?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. नवोदितांच्या सेवेसाठी वगैरे लिहीत नाही. मला ते काम आवडतं. दुसऱ्याच्या कथेवर शेरा लिहिताना मला जे वाटतं ते चांगलं आहे की वाईट, हे मी डायरीत अनेकदा विचारलं आहे. अजून उत्तर मिळालेलं नाही. तू या वाक्यावर हसशील. हस.

मी त्यांच्यापुढे एक अट मात्र ठेवली आणि त्यांनी ती मानली. या वेळच्या अर्जाच्या शेवटी एक नवा रकाना आहे: 'आपली कथा कोणत्या वाचकाकडे जाऊ नये?' अर्ज पाठवते आहे. मुदत एकतीस मार्च, शब्द तीन हजार. 'तक्ता' पाठव किंवा दुसरी पाठव. म्हातारीला जिथं ठेवायचं तिथं ठेव, मला जिथं उभं करायचं तिथं कर. विचारू नकोस.

त्या रकान्यात माझं नाव घाल. नुसतं ताई नको, पूर्ण नाव लिही. आपल्या दोघींचं आडनाव एकच आहे, तेव्हा त्यांना कारण विचारावं लागणार नाही.

ताई